दोन चिठ्ठ्या आणि एकच पोट



आम्ही दोघी मायलेकी मिळून हे लिहीत आहोत. एकीने सांगायचे, दुसरीने लिहायचे आणि मग दोघींनी मिळून खोडायचे, असे करत चार रविवार गेले. लिहिण्याची आम्हाला सवय नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ते आमच्यापाशीच ठेवले, तर उद्या शेजारच्या घरात तेच घडेल, असे वाटले म्हणून लिहायला बसलो.

आम्ही कळंबोलीत सिडकोच्या जुन्या घरात राहतो. बाबा इथल्या लोखंड बाजारात माथाडी कामगार. घरात आम्ही दोघीही त्यांना बाबाच म्हणतो. सळया, पत्रे, अँगल यांच्या गाड्या भरायच्या आणि खाली करायच्या, हे त्यांनी २६ वर्षे केले. क्रेन आल्या, तरी साखळी अडकवायला आणि गाडीत माल लावायला माणसाची पाठ लागतेच. शेवटी ती पाठ बसली. मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे, असे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले. डाव्या मांडीपासून टाचेपर्यंत कळ जाई. काम सुटले. हजेरी नाही तर पगार नाही, हे माथाडीच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायला नको.

पाय दुखत होता तोवर आम्हाला पायाची चिंता होती. पुढे पाय थोडा उतरला, पण माणूस काही वर येईना. बाबा पहाटे तीनला उठून अंधारात बसून राहत. आंघोळीला चार वेळा सांगावे लागे. ताटातले अन्न ताटातच राही. दरवर्षी वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसणारे बाबा त्या वर्षी एकदाही गेले नाहीत. टोळीतले सोबती भेटायला आले की आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडत. एके दिवशी म्हणाले, "मला आता भंगारात काढा. किलोमागे काहीतरी हाती येईल." आम्ही हसण्यावारी नेले. रात्री मात्र आम्हा दोघींनाही झोप लागली नाही.

मनाच्या डॉक्टरकडे न्यायचे ठरवायला दोन महिने गेले. अडचण पैशाची होती, पण त्याहून मोठी अडचण लाजेची होती. "वेड्याच्या डॉक्टरकडे गेले" हे शब्द वस्तीत फिरायला वेळ लागत नाही. मुलीच्या लग्नाचे उद्या कसे होईल, हाही विचार मनात आला, तो आम्ही लपवत नाही. शेवटी ओळखीचे कुणी भेटणार नाही अशी दुपारची वेळ धरून पनवेलला गेलो.

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी घाई केली नाही. झोप, भूक, काम, दारू सगळे विचारले. जीव नकोसा वाटतो का, असेही सरळ विचारले. बाबांनी खाली मान घालून "कधीकधी" म्हटले, तेव्हा आमच्या पोटात खड्डा पडला. डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. हा आळस नाही, कमकुवतपणाही नाही. मधुमेहासारखा, दम्यासारखा हा आजार आहे." त्यांनी एस्सिटालोप्राम नावाची १० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी लिहून दिली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होईल, आपल्या मनाने बंद करू नका, असे बजावले. निघताना म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आठवणीने सांगा."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. आम्ही ते पाळले नाही.

तीन आठवड्यांनी बाबांच्या पायाची कळ पुन्हा वाढली. हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना घराजवळच. बाकावर सगळे शेजारपाजारचे. आणखी काही गोळ्या चालू आहेत का, असे आम्हाला त्या बाकावरच, सगळ्यांसमोर विचारले गेले. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि "नाही" म्हटले. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक रात्रीची, नसेच्या दुखण्यासाठी. दुसरी दिवसातून दोनदा, कळ थांबवण्यासाठी. मनाची गोळी आम्ही पनवेलच्या मेडिकलमधून आणत होतो, कारण कळंबोलीत कुणाला कळू नये. दुखण्याच्या गोळ्या घराजवळच्या मेडिकलमधून आणल्या. म्हणजे एका डॉक्टरला दुसरा ठाऊक नाही, एका मेडिकलवाल्याला दुसरा ठाऊक नाही. सगळ्या गोळ्यांची भेट झाली ती आमच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि तिथून बाबांच्या पोटात.

तिसऱ्या दिवशी कळ थांबेना म्हणून बाबांनी दुपारी एक गोळी जास्तीची घेतली. रात्री नऊच्या सुमारास हात थरथरू लागले. चहाचा कप धरता येईना. अंगाला घाम असा की बनियन पिळून काढावे. जुलाब सुरू झाले. बसवले तर उठत, उठवले तर फेऱ्या मारत. पाय आपोआप झटके देत. अकराला तर आम्हाला ओळखेनात. मुलीला मुकादम समजून "गाडी लागली का?" असे विचारू लागले. डोळे मोठे, छाती धडधडणारी.

आवाजाने शेजारी जमले. कुणी म्हणाले, दारू चढली. बाबांनी सहा महिन्यांत थेंब घेतला नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "बाहेरचं दिसतंय. उतारा तरी करा." आमच्या घरात असल्या गोष्टींना दोन पिढ्यांत थारा नाही. पण खोटे कशाला लिहा? समोर आपला माणूस तसा नाचत असताना आमच्यातल्या एकीचे मन क्षणभर डगमगले. दुसरी ओरडली, "रिक्षा बोलवा!" म्हणून आज हे लिहायला आम्ही दोघी आहोत आणि वाचून दाखवायला बाबा आहेत.

रुग्णालयात रात्रपाळीला तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी ताप, रक्तदाब पाहिला. मग बाबांचा तळपाय हाताने वर दाबून धरला, तर पाऊल आपोआप थडथड उडू लागले. त्या आमच्याकडे वळल्या, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आम्ही म्हटले, "कंबरेच्या." "आणखी?" आम्ही गप्प. त्यांनी आवाज न चढवता पुन्हा विचारले, "ताई, आणखी काय?" तेव्हा आमच्यातली धाकटी रडतच रिक्षाने घरी गेली आणि तो डबा घेऊन आली.

डॉक्टर बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. पाकिटांवरची मोठी नावे त्यांनी वाचलीच नाहीत. पाकिटे उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि आम्हालाही वाचायला लावली. नसेच्या दुखण्याची म्हणून आणलेली ती एक गोळी प्रत्यक्षात दोन औषधे होती, प्रिगॅबालिन ७५ मिलिग्रॅम आणि नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. कळेच्या गोळीतही दोन, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल. "हे नॉरट्रिप्टिलिन," त्या म्हणाल्या, "मुळात नैराश्यावरचंच औषध आहे. थोड्या मात्रेत ते नसेच्या दुखण्यावर चालतं, म्हणून हाडांचे डॉक्टर देतात. त्यांनी चूक काही केली नाही. पण तुमच्या घरी नैराश्याची एक गोळी आधीच चालू होती. म्हणजे तुम्ही नकळत दोन देत होतात. वर ट्रॅमाडॉल. तेही त्याच रसायनाला हात घालतं."

त्या रसायनाचे नाव सेरोटोनिन. मेंदूत ते कमी पडले की नैराश्य येते, असे सोपे गणित नाही, हेही त्यांनी सांगितले. पण नैराश्याच्या बहुतेक गोळ्या त्याच्या आधाराने काम करतात. "टाकीला एक नळ लावला तर टाकी नीट भरते. तीन नळ एकदम सोडले तर पाणी जिन्यावरून वाहतं. आज तुमच्या मिस्टरांचं तेच झालंय." थरथर, घाम, जुलाब, जोरात चालणारे ठोके, झटके, भ्रम ही त्या वाहत्या पाण्याची लक्षणे. नवी गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर ही लक्षणे बहुधा काही तासांतच, एका दिवसाच्या आत दिसतात. ताप चढत गेला, अंग ताठ झाले, फिट आली तर माणूस जातो. वेळेवर औषधे थांबवली तर बहुतेक जण एक-दोन दिवसांत सावरतात.

बाबांच्या सगळ्या गोळ्या थांबवल्या. सलाईन लावले, शांत करणारे इंजेक्शन दिले, छातीला तारा लावून रात्रभर ठोके पाहिले. शिवाय सायप्रोहेप्टाडिन नावाचे औषध दिले. लहान मुलांची भूक वाढवायला ज्याचे सिरप देतात तेच हे औषध. ते सेरोटोनिनचा जोर मोडते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडून विचारले, "कामावर कुणाला कळवलं नाही ना?" आम्ही दोघी हसलो आणि रडलोही.

घरी आल्यावर आम्हाला स्वतःचाच राग आला. आपण अडाणी, आपल्याला वाचता येत नाही, म्हणून असे झाले, असे वाटत राहिले. मानसोपचारतज्ज्ञांना ते सांगितले, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कची एक गोष्ट सांगितली. १९८४ साली मार्च महिन्यात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी तिथल्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाली. तिचे वडील वकील आणि पत्रकार. ती नैराश्यासाठी फिनेल्झिन घेत होती. रुग्णालयात तिला थंडी-थरथर थांबवायला पेथिडिनचे इंजेक्शन दिले गेले. काही तासांत ताप भडकला आणि ती गेली. या दोन औषधांची गाठ पडणे हे तिच्या मृत्यूचे मोठे कारण मानले जाते. वडील वर्षानुवर्षे लढले. त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. "तिथं शिकलेले आईबाप होते, मोठं रुग्णालय होतं," डॉक्टर म्हणाले. "औषधाला शिक्षण दिसत नाही, पत्ता दिसत नाही. त्याला फक्त दुसरं औषध दिसतं."

आम्ही ठरवून टाकले होते की आता बाबांना दोन मनाच्या गोळ्या कधीही एकत्र द्यायच्या नाहीत. पण गोष्ट इथे संपली नाही, आणि आम्ही लिहायला बसलो ते मुख्यतः पुढच्या भागासाठी.

मधल्या काळात दोन्ही डॉक्टरांना आम्ही सगळे खरे सांगितले. हाडांचे डॉक्टर रागावतील असे वाटले होते. त्यांनी उलट आमच्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. दोघांनी मिळून ठरवले. ट्रॅमाडॉल बंद. नसेसाठी नुसते प्रिगॅबालिन, नॉरट्रिप्टिलिन नसलेले. दुखले तर पॅरासिटामॉल. सूज उतरवणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाच्या गोळीसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याही विचारल्याशिवाय नाहीत. काही दिवस मध्ये जाऊ देऊन एस्सिटालोप्राम पुन्हा सुरू केले, ५ मिलिग्रॅमपासून, आणि सावकाश वाढवत नेले.

दोन-अडीच महिन्यांत बाबा अर्धे परत आले. आंघोळ करू लागले, मित्रांशी दोन शब्द बोलू लागले. पण झोप तीनलाच मोडे आणि वजन वाढेना. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "याला एक दुसरी गोळी जोडून पाहू. मिर्टाझापिन. तीही नैराश्याचीच आहे."

आम्ही खुर्चीवरून उठलोच. "डॉक्टर, पुन्हा दोन? त्या रात्री आम्ही काय पाहिलंय ते आम्हाला विचारा."

त्यांनी आम्हाला बसवले. म्हणाले, "तुमची भीती रास्त आहे. आधी ऐका, मग नाही म्हणा." त्यांनी जे सांगितले ते आम्ही घरी येऊन लगेच लिहून ठेवले, म्हणून इथे नीट मांडता येते.

नैराश्याची दोन औषधे एकत्र देणे हा गुन्हा नाही. एकाने पुरता गुण येत नाही तेव्हा डॉक्टर जाणूनबुजून जोडी लावतात. मात्र जोडी कुठली, हे महत्त्वाचे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. त्यातली दोन एकत्र देण्यात अर्थ नाही, फक्त त्रास वाढतो. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन यकृताचे काम अडवतात, त्यामुळे अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन यांसारख्या जुन्या औषधांची रक्तातली पातळी वाढते. तशी जोडी दिलीच तर फार थोड्या मात्रेत आणि नजर ठेवून. लिबी झायन घेत होती त्या घराण्यातले औषध तर यांच्याबरोबर चालतच नाही. एक थांबवून दुसरे सुरू करायला साधारण १४ दिवसांचे अंतर ठेवतात. आधीचे औषध फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवड्यांचे, कारण ते शरीरातून फार सावकाश जाते. मिर्टाझापिनची वाट या सगळ्यांहून वेगळी आहे. ती झोप आणते, भूक वाढवते, म्हणून बाबांसाठी तिची निवड.

एवढे सांगून ते थांबले नाहीत, आणि म्हणूनच आमचा विश्वास बसला. म्हणाले, "दोन गोळ्या म्हणजे दुप्पट गुण असं समजू नका. ब्रिटनमध्ये एका गोळीनं बरं न वाटलेल्या ४८० रुग्णांवर याच मिर्टाझापिनचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी फरक फारसा पडलेला दिसला नाही. २०२२ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा मात्र अशा जोडीचा फायदा दिसला. म्हणून आपण करून पाहू, पण तारीख ठरवून. सहा आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर दुसरी गोळी काढून टाकू. उगाच चालू ठेवायची नाही."

सुरू करण्याआधी त्यांनी ई.सी.जी. काढला, कारण काही गोळ्यांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. रक्तातले सोडियम तपासले, कारण या गोळ्यांनी ते उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत. मग मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅम रात्री झोपताना. पहिली गोळी होती तेवढीच ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळते, असा त्यांचा नियम. पहिले तीन दिवस थरथर, घाम, जुलाब, ताप यांकडे लक्ष ठेवायला सांगितले. दिसले तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय.

त्या तीन रात्री आम्ही पाळीने जागलो. बाबा मात्र घोरत होते. चौथ्या दिवशी सकाळी सातला उठून म्हणाले, "किती दिवसांनी ऊन दिसल्यावर जाग आली." सहा आठवड्यांनी ताटात भाकरी उरत नव्हती. तोंड कोरडे पडते, सकाळी थोडी गुंगी राहते, वजन जरा जास्तच वाढले आहे, ते दर भेटीत पाहतात. मागचे बाबा पुरते परत आले असे आम्ही म्हणणार नाही. ओझे उचलणे आता नाहीच. टोळीचा हिशेब आणि हजेरी लिहायला तासभर बसतात. यंदाच्या वर्षावासात एका संध्याकाळी विहारात त्यांनी अर्धे पान वाचले. आवाज मध्ये अडकला, पण वाचले.

पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी बाबांच्या पोटात नैराश्याची दोन औषधेच होती. पहिल्या वेळी त्यांनी माणूस मरणाच्या दारी नेला, दुसऱ्या वेळी झोप परत दिली. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी जोडी एका डॉक्टरने पूर्ण माहितीवर निवडली होती. पहिल्या वेळी ती आमच्या लपवाछपवीने जुळली. आम्ही ज्या लाजेला अब्रू समजत होतो, तिनेच आमच्या माणसाला त्या रात्री खाटेवर नेले.

आता आमच्या घरात एक वही आहे. शंभर पानी, साधी. ती कशी ठेवतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरे.

१. वहीत गोळीचे मोठे, कंपनीचे नाव लिहायचे, आणि पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचून आतले औषध व त्याची मात्राही लिहायची. एका गोळीत दोन औषधे असू शकतात. उलट एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन नावेही असतात, तेव्हा चुकून दुप्पट मात्रा पोटात जाते. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा किंवा मेडिकलवाल्याला विचारा.

२. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना, दातांच्या का असेना, वही आणि सगळी पाकिटे पिशवीत न्यायची. सर्वांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर वही गुपचूप पुढे करायची. बोलावे लागत नाही.

३. शक्यतो सगळी औषधे एकाच मेडिकलमधून घ्यायची. स्वस्त पडतात म्हणून जनऔषधी केंद्रातून घेतली तरी आतले औषध तेच आहे ना, हे वहीशी ताडून पाहायचे.

४. खोकल्याचे औषधही विचारून घ्यायचे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले सिरप या गोळ्यांसोबत सेरोटोनिन वाढवते. दुकानातून मनाने आणलेल्या झोपेच्या, दुखण्याच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधेही वहीत आली पाहिजेत.

५. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर आणखी सावध राहायचे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड देतात. तेही फिनेल्झिनसारखेच काही प्रमाणात काम करते. यात नवल नाही. नैराश्याचे पहिले औषध क्षयाच्या औषधातूनच निघाले. १९५२ साली अमेरिकेत स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी उल्हसित दिसू लागले, आणि १९५७ पासून ते नैराश्यावर दिले जाऊ लागले. म्हणून मनाची गोळी चालू असेल तर क्षयाच्या दवाखान्यात ती सांगायची आणि मनाच्या डॉक्टरला क्षयाच्या गोळ्या दाखवायच्या. दोन्हींपैकी कुठलीही आपल्या मनाने थांबवायची नाही.

६. लेख वाचून घाबरून कुणी चालू गोळी एकदम बंद करू नये. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेसारखे झटके, झोप उडणे असा त्रास होतो आणि आजार उलटतो. सोडायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, मात्रा हळूहळू उतरवत. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही.

७. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना गोळी सुरू केली की पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहावे. कुणाकुणाच्या मनात त्या काळात जीव देण्याचे विचार वाढतात. दारू तर कुणालाच नको. या गोळ्यांची गुंगी तिने वाढते, आणि आपल्याकडे गाडीवर, क्रेनवर काम करणारे लोक आहेत.

ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक, परळचे के.ई.एम. आणि भायखळ्याचे जे.जे. या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. २०२२ साली १० ऑक्टोबरला सुरू झालेली सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्या क्षणी लावावा. आणि ज्यांना आमच्यासारखी लोकांची भीती वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरला सांगितलेले डॉक्टरपाशी राहिले पाहिजे. म्हणून बाकावर बसलेल्यांपासून लपवा हवे तर, पण आतल्या डॉक्टरपासून लपवू नका.

हा लेख पाठवावा की नाही, ते आम्ही बाबांना विचारले. त्यांनी सगळा वाचला, एका ठिकाणी मात्रा चुकली होती ती वहीत पाहून दुरुस्त केली, आणि म्हणाले, "पाठवा. माझं नाव घातलं तरी चालेल." नाव आम्ही घातले नाही. पण ते तसे म्हणाले, यात आम्हाला सगळे मिळाले.

तुमच्याही फडताळात असा एखादा डबा असेल. आज जेवणे झाली की तो खाली काढा, पाकिटे उलटी करा आणि बारीक अक्षरे वाचा.